जीवनला सोडून कुणीही

स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी सकाळपासून खाली जात नव्हतं. कमळने आधी जाळी साफ केली, मग उकळतं पाणी ओतलं, मग खायचा सोडा टाकून पाहिला. शेवटी पदर खोचून ती मागच्या दारात आली आणि अंगणात सुपाऱ्या पसरत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे काय आपल्याच्यानं व्हायचं न्हाय. जीवनला फोन लावा."

"कोण जीवन?" दिनानाथने मान वर न करता विचारलं.

कोण जीवन ते त्याला पक्कं माहीत होतं. चौल-रेवदंडा रस्त्यावर एक निळा टँकर सतत फिरताना दिसे आणि त्याच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असे, 'जीवन ड्रेनेज सर्व्हिस'. स्कूटरवरून जाताना तो टँकर पुढे आला, की दिनानाथ स्कूटर बाजूला घेऊन उगाच कुठल्यातरी दुकानात शिरायचा आणि नको असलेली काडेपेटी घेऊन बाहेर यायचा.

दिनानाथ मूळचा तळा तालुक्यातला. घरची भातशेती. पण ऐन तरुणपणात तो अलिबागजवळ एका कारखान्याच्या भांडारात लागला, तिथेच निवृत्त झाला आणि चौलात छोटी वाडी घेऊन घर बांधून राहिला. चार नारळ, थोड्या पोफळी, मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या. कमळही तळ्याचीच. आणि जीवन कमळच्याच आळीतला, तिच्याच वर्गातला. लग्नानंतर पाचपरतावण्याला दिनानाथ सासरी गेला, तेव्हा कमळची आत्या भागुबाई त्याच्या ताटात वडे वाढता वाढता म्हणाली होती, "जावई गुणाचा गावला हो आम्हाला. नायतर आमच्या कमळचं त्या बिननोकरीच्या जीवनशी जवळजवळ ठरलंच होतं." सगळे हसले. दिनानाथही हसला. पण ते 'जवळजवळ' माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकलं ते अडकलंच. जीवन मुंबईला होता तोवर काटा अधूनमधूनच टोचायचा. कमळ भांडी घासताना काही गुणगुणायला लागली की टोचायचा, तळ्याहून कुणी आलं की टोचायचा. मग टाळेबंदीच्या काळात जीवन बायकोला घेऊन परत आला, मुंबईत शिकलेल्या कामावर त्याने जुना टँकर आणि पाण्याच्या जोराने पाइप मोकळे करणारं मशीन घेतलं, आणि राहायला निवडलं ते रेवदंडा. सगळा रायगड सोडून रेवदंडा!

"शेजारच्या येसाजीकाकांची टाकी बघायला आला होता तो," कमळ शांतपणे म्हणाली. "पुढल्या रविवारी आपल्या प्राप्तीचं डोहाळजेवण हाय. घरात माणसं यायची. मोरी तुंबलेली ठेवून चालेल का?"

"त्याला सोडून कुणालाही बोलव," दिनानाथ म्हणाला. मग आपला आवाज जरा चढला असं वाटून त्याने पुढे जोडलं, "म्हणजे, तो फार भाव खातो असं ऐकलंय."

"कुणाकडून ऐकलंत?"

"लोक बोलतात." आणि तो सुपाऱ्यांकडे वळला.

दुपारी त्याने नाक्यावरच्या विजेच्या खांबावर चिकटवलेला एक कागद वाचला. 'मोरी, संडास, गटार, सर्व काही त्वरित.' खाली फोन नंबर. त्याने उभ्या उभ्याच फोन लावला. पलीकडून विनेश नावाच्या माणसाने "आत्ता येतो शेठ" म्हटलं, आणि खरोखरच तासाभरात तो मोटरसायकलवर आला. हातात लोखंडी सळीची गुंडाळी आणि प्लॅस्टिकचा कॅन. दिनानाथला तो बघताक्षणीच आवडला. जीवन नसलेला कुणीही त्याला त्या दिवशी आवडलाच असता.

कमळ मात्र दारातून विचारत होती. "याआधी इकडे कुणाकडे काम केलंत?"

"खूप ठिकाणी ताई."

"म्हणजे कुणाकडे? नाव सांगा की."

"अगं, त्याला काम करू दे," दिनानाथ म्हणाला.

"परत तुंबलं तर येणार का?"

"तुंबणारच नाय ना ताई!" विनेश हसून म्हणाला. त्याने कॅनमधलं काहीतरी मोरीत ओतलं. डोळ्यांत पाणी आणणारा भपकारा सुटला. मग त्याने सळी आत घातली, ढोसली, फिरवली, पुन्हा ढोसली. आत खळ्ळकन काहीतरी वाजलं आणि पाणी गुळगुळ करत खाली गेलं. दिनानाथने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. विनेशने सळी गुंडाळली, हात धुतले आणि निघून गेला. सळी आली होती त्याहून आखूड दिसत होती हे फक्त कमळच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मोरी पुन्हा तुंबली. या खेपेला नुसती मोरी नव्हे, तर न्हाणीतही काळं पाणी वर आलं. विनेशचा फोन वाजत राहिला. मग तो वाजायचाही बंद झाला.

आता मात्र चांगला माणूस शोधायला हवा होता. दिनानाथ तसा नीट चौकशी करणारा माणूस. भांडारात असताना एक खिळासुद्धा त्याने चार ठिकाणी विचारल्याशिवाय घेतला नव्हता. त्याने ठरवलं, आळीत घरोघर विचारायचं. कुणाचं काम टिकलंय, कोण परत बोलावल्यावर येतो, कोण शब्दाला जागतो. दुसरं एखादं नाव मिळेलच. एवढ्या मोठ्या गावात गटार साफ करणारा एकच कसा असेल?

पहिल्यांदा तो शेजारच्या येसाजीकडे गेला. म्हातारा येसाजी वाडीतल्या झोपाळ्यावर बसून आडकित्त्याने सुपारी कातरत होता.

"जीवनला बोलव," तो म्हणाला. "मी त्याला टाकी उपसायला बोलावलं तर झाकण उघडून बघितलं आणि बोलला, काका, अजून वर्षभर उपसायची गरज न्हाय. आणि गेला निघून. असा माणूस गावतो कुठं आता?"

"दुसरं कुणी?"

"दुसरं कशाला?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या बंगल्यात मुंबईहून येऊन राहिलेलं कुटुंब होतं. तिथल्या बाईंनी तर मोबाइल काढून दाखवला. जीवनने काम झाल्यावर पाइपच्या आतला फोटो पाठवला होता, आधीचा आणि नंतरचा. "आणि काका, किती अदबीने बोलतात हो! पायपुसण्यावर पाय पुसून आत येतात. गटाराचं काम करणारा माणूस, पण त्यांच्या अंगाला साबणाचा वास येतो."

दिनानाथने नकळत आपल्या सदऱ्याचा वास घेतला. सुपारीचा आणि घामाचा.

घरी परतताना त्याला वाटलं, अख्ख्या चौलाने मिळून आपल्याला चिडवायचा कट केलाय. लोकांनी स्तुती केली ती गटार साफ करणाऱ्याची, पण त्याच्या कानाला काही वेगळंच ऐकू येत होतं. बघ, तुझ्या बायकोने कुणाला सोडलं ते बघ. नोकरी नव्हती म्हणून सोडलं. आता त्याच्याकडे टँकर आहे, नाव आहे, अंगाला साबणाचा वास आहे. तुझ्याकडे काय आहे?

आणि अशा मनःस्थितीत त्याला वाटेत किशोरीबाई भेटल्या.

किशोरीबाई निवृत्त शिक्षिका. गावातल्या भक्तनिवासाच्या समितीच्या त्या चिटणीस. दिनानाथही त्याच समितीवर होता आणि त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं. "बरं झालं भेटलात," त्या म्हणाल्या. "जत्रेआधी भक्तनिवासाची सगळी गटारं, टाक्या साफ करायच्यात. वर्षभराचं काम एकालाच द्यावं म्हणतोय. जीवनचं नाव सगळ्यांनी सुचवलंय. तुमचं काय मत? तुम्ही पारखून घेणारे."

दिनानाथने उत्तर आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं. "माणूस बोलायला गोड आहे, बाई. पण उपसलेला मैला तो अंधारात खाडीत सोडतो असं म्हणतात."

"काय सांगता!"

"मी पाहिलं नाही. पण म्हणतात."

किशोरीबाईंचा चेहरा उतरला. "देवाचं ठिकाण आहे हो. अशा माणसाला कसं द्यायचं काम? बरं झालं सांगितलंत." आणि छत्री उघडून त्या पुढे गेल्या.

दिनानाथ घराकडे वळला. त्याला एकदम हलकं वाटत होतं, उन्हातून आल्यावर गार कोकम सरबत प्यायल्यासारखं. घराच्या फाटकापर्यंत ते टिकलं. फाटकाची कडी काढताना त्याच्या मनात आलं, हे खरं असलं तर? खरं असेलही. या धंद्यात बरेचजण करतात. म्हणजे आपण खोटं बोललो असं होत नाही. फक्त एकदा डोळ्यांनी बघून घ्यायला हवं.

म्हणून दुसऱ्या दिवशी निळा टँकर एका रिसॉर्टमधून भरून बाहेर पडला, तेव्हा दिनानाथ स्कूटरवर त्याच्या मागे होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या नावाच्या मागे मुद्दाम चालला होता. टँकर रेवदंड्यातून वळला आणि चक्क खाडीच्या दिशेला लागला. दिनानाथचं काळीज सुपाएवढं झालं. टँकर धक्क्याजवळ थांबला. दिनानाथने स्कूटर एका माडाच्या आड उभी केली, मोबाइल काढला आणि कॅमेरा सुरू केला. जीवन केबिनमधून उतरला. पाठमोरा. केस पांढरे झालेले, पण अंग ताठ. तो चालत एका कोळणीच्या पाटीपाशी गेला, खाली वाकून बोलला, हसला, सुकटीची पिशवी घेतली आणि परत येऊन टँकर वळवला.

तरीही दिनानाथ मागे गेला. टँकर रस्त्याला लागला, कुठे थांबला नाही, आणि बऱ्याच अंतरावर मैला रिकामा करायच्या ठरवून दिलेल्या जागी, बाकीच्या टँकरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. जीवन खाली उतरला आणि सावलीत बसून आपली पाळी यायची वाट बघू लागला. वाट बघता बघता त्याने रुमालाने टँकरवरचं नाव पुसलं.

दिनानाथ लांबून ते पाहत होता. माणूस चोर निघाला नाही म्हणून एखाद्याला इतकं वाईट वाटू शकतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो घरी आला तेव्हा न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत घाण आली होती. कमळ नाकाला पदर लावून फरशीवर पाणी मारत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी जीवनला फोन केलाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी येतो बोलला. तुम्हाला नको असेल तर तुम्ही वाडीत जाऊन बसा."

दिनानाथ वाडीत गेला नाही. सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसला. कमळने नेहमीचीच साडी नेसली होती. तेवढं मात्र त्याने नीट पाहून घेतलं.

जीवन फाटकातून आत आला आणि म्हणाला, "काय गं कमळ, कुठं तुंबलंय?"

कमळ. नुसतं कमळ. ताई नाही, वहिनी नाही. दिनानाथ सोडून या घरात तिला अशी हाक मारणारा कुणी उरला नव्हता. तिचे आईवडील गेले, भाऊ गेला. आणि हा माणूस फाटकातून ते नाव असं घेऊन आला, जसं काही ते रोजच त्याच्या खिशात असतं.

"ये बाबा," कमळ म्हणाली. "हे आमचे मालक."

"रामराम शेठ." जीवनने हात जोडले. दिनानाथने मान हलवली.

मग मागच्या अंगणात चेंबरचं झाकण उघडलं गेलं. जीवनने एका लांब तारेच्या टोकाला बसवलेला लहानसा कॅमेरा पाइपमधून आत सरकवला आणि पडद्यावर बघू लागला. कमळही वाकून बघत होती. दिनानाथ खिडकीच्या आतून त्या दोघांकडे बघत होता. शब्द नीट ऐकू येत नव्हते. तळ्याच्या शाळेचं काहीतरी चाललं होतं. कुणा मास्तरांची नक्कल जीवनने केली, आणि कमळ हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. दिनानाथला ते हसू ओळखीचं नव्हतं. तिच्यासोबत इतकी वर्षं काढून तिचं एक हसू आपल्या ओळखीचं नसावं, हे सहन न होऊन तो अंगणात आला.

"झालं का बघून?" त्याने विचारलं.

"झालं शेठ. आतमध्ये सळीचा तुकडा मोडून बसलाय. त्यानं पाइपचा जोड निखळलाय. मशीन आणून पाणी मारलं तर मोकळं होईल, पण पाणी सगळं घराच्या पायाखाली मुरेल. थोडं खणून पाइप बदलावा लागेल."

"म्हणजे काम वाढवायचं."

जीवनने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "दुसऱ्या कुणाला दाखवा. मला वाईट न्हाय वाटायचं. पण तोवर न्हाणी वापरू नका."

"दुसरं कुणी न्हाय बघायचं," कमळ म्हणाली. "तू कधी येतोस ते सांग."

"उद्याच येतो. आता सगळे दिवस रिकामेच हायत." जीवन तार गुंडाळायला लागला. "भक्तनिवासाचं काम मिळणार होतं, ते गेलं. कुणीतरी उठवलंय की मी मैला खाडीत सोडतो. सरपंचांनी सांगितलं, चौकशी होईपर्यंत गावात टँकर आणू नकोस. दोन रिसॉर्टवाल्यांनी पण नको म्हणून कळवलं. इथं आज मोटरसायकलवर आलो ते त्यामुळंच. पोरांना कामावर येऊ नका सांगितलंय."

"कोण मेला बोलला असं?" कमळ भडकली. "कुणाच्या जिभेला हाड न्हाय एवढं? अहो, तुम्ही समितीवर हाय ना? तुम्हाला ठाऊक असेल कोण ते."

असं म्हणून ती नवऱ्याकडे वळली, आणि थांबली.

दिनानाथला चेहरा लपवता येत नसे. भांडारात असताना साहेब म्हणायचे, शिगवण, तुम्ही पत्ते खेळू नका. कमळ त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू नाहीशी झाली आणि तिथे काहीच उरलं नाही. ते काहीच नसणं दिनानाथला कुठल्याही रागाहून भयंकर वाटलं.

"उद्या ये जीवन," ती म्हणाली. "चहा आज राहू दे."

जीवनची मोटरसायकल लांब गेल्यावर ती चेंबरच्या कडेवरच बसली. "का?" तिने विचारलं.

दिनानाथने उभ्या उभ्या नारळाच्या झावळ्यांकडे पाहिलं. "भागुआत्या बोलली होती. पाचपरतावण्याला."

"काय बोलली होती?"

"की तुझं त्याच्याशी जवळजवळ ठरलं होतं."

कमळला आधी काही आठवेना. मग आठवलं. ती नाही म्हणेल, हसण्यावारी नेईल, आत्याच्या नावाने बोटं मोडेल, असं दिनानाथला वाटत होतं. खरं म्हणजे तेवढ्याचीच तो इतकी वर्षं वाट बघत होता.

"व्हय," कमळ म्हणाली. "होता माझ्या मनात. मला आवडायचा तो. त्याला नोकरी नव्हती म्हणून बाबांनी न्हाय म्हटलं. मी रडले पण. मग तुमचं स्थळ आलं, मी तुमच्याशी लग्न केलं, आणि राहिले. तुमच्या आईचं शेवटपर्यंत केलं. प्राप्तीला वाढवलं. पहाटे उठून तुमचा डबा भरला. त्यातलं काय मी त्याच्यासाठी केलं? सांगा ना, कुठली भाकरी त्याच्या नावाची होती?"

दिनानाथ खाली बघून पायाने माती सारखी करू लागला.

"मला वाटायचं माझा नवरा जरा कडक हाय," ती उठत म्हणाली. "पण एखाद्याच्या पोटावर मारील असा न्हाय. ते पण मी आज बघितलं." आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने त्याला वेळच्या वेळी जेवायला वाढलं, औषधाची गोळी हातात दिली, आणि एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी समितीची बैठक होती. दिनानाथने जायचं टाळायचा विचार केला, मग चपला घातल्या. भक्तनिवासाच्या पडवीत सतरंजीवर सगळे बसले होते. सरपंचही आले होते. किशोरीबाई वाचून दाखवत होत्या की गटारांचं काम पेणकडच्या मंडळींना द्यायचं ठरलंय.

"मला थोडं बोलायचंय," दिनानाथ म्हणाला. "जीवनबद्दल मी जे बोललो, ते खोटं होतं. म्हणत कुणीच नव्हतं. मीच बोललो. त्याचा टँकर कुठं रिकामा होतो ते मी मागे जाऊन बघितलंय. जिथं व्हायला पाहिजे तिथंच होतो."

येसाजी आडकित्ता हातात धरून तसाच बसून राहिला.

"पण शिगवण, तुम्ही असं का केलंत?" किशोरीबाईंनी विचारलं. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. "त्याचं तुमचं काही वाकडं आहे का?"

दिनानाथने पाहिलं तर सगळ्यांची नजर त्याच्यावर होती. खरं कारण सांगितलं तर कमळचं नाव चारचौघांत येणार. "माझं डोकं फिरलं होतं," तो म्हणाला. "यापुढे मला समितीवर ठेवू नका."

कुणी त्याला राहा म्हटलं नाही. सरपंचांनी टँकर आणायला हरकत नाही असं जाहीर केलं, पण पेणच्या मंडळींना शब्द गेला होता, त्यामुळे भक्तनिवासाचं काम जीवनला मिळालं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर दिनानाथच्या फाटकाशी उभा होता. जीवनने आणि त्याच्या दोन माणसांनी न्हाणीमागची जमीन खणली, मोडलेला पाइप काढला. सळीचा तुकडा निघाला. माणसं वाळू आणायला गेली तेव्हा खड्ड्यात जीवन एकटाच होता. दिनानाथ काठावर येऊन उभा राहिला.

"ते खाडीचं मी बोललो होतो," तो म्हणाला.

"माहीत हाय. किशोरीबाईंचा काल फोन आला." जीवन नव्या पाइपला गोंद लावत होता. "तुम्ही स्वतःहून सांगताय का ते बघत होतो."

"चुकलो मी."

जीवनने हात थांबवला. त्याची नजर क्षणभर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली, जिथे कमळ पोहे निवडत उभी होती, आणि लगेच खाली आली. तेवढ्या क्षणात दिनानाथला जे कळायचं ते कळलं. काटा एकट्या त्याच्याच घशात नव्हता. आणि हे कळल्यावर त्याला दया यायला हवी होती, पण आला तो पुन्हा तोच जुना जाळ, छातीपासून कानापर्यंत.

"त्या टोकाला पाइप धरा," जीवन म्हणाला. "घट्ट. हलवू नका."

दिनानाथ खड्ड्यात उतरला. इस्त्रीच्या सदऱ्याला चिखल लागला. गोंद सुकेपर्यंत दोघं पाइपची दोन टोकं धरून समोरासमोर बसून राहिले. काम झाल्यावर जीवनने सगळे नळ सोडून दाखवले, वर्षभरात काही झालं तर फोन करा म्हणाला, ठरलेली मजुरी घेतली. कमळने पोहे आणि चहा ट्रेमध्ये आणला होता. माणसांनी खाल्लं. जीवनने घेतलं नाही. "आज नको गं," एवढंच म्हणून तो टँकरमध्ये चढला.

रविवारी डोहाळजेवण झालं. प्राप्ती हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर बसली. घर बायकांनी भरून गेलं. दिनानाथ ओटीवर पुरुषमंडळींसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसला होता. आसपासच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. समितीतली बरीच मंडळी काही ना काही कारण सांगून आली नव्हती.

तेवढ्यात फाटकातून एक ठेंगणी, गोरी बाई आत आली. हातात नारळ आणि खण. "दिनानाथ शिगवणांचं घर हेच ना? मी सोनल. जीवन ड्रेनेजवाल्यांची बायको. तुमच्या मिसेसनी फोन करून दोघांना बोलावलं होतं. ते यायला न्हाय म्हणाले. मी आले."

दिनानाथ गडबडून उठला. तिने आत जायच्या आधी शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसली. तिची नजर उघड्या दारातून आत फिरत होती, एकेका बाईवरून. "यातली कमळ कुठली?"

"ती. डाळिंबी साडीवाली."

सोनल बराच वेळ बघत राहिली. कमळ त्या वेळी लेकीच्या ओटीत तांदूळ घालत होती, वाकलेली, घामाने चेहरा चमकत असलेली. "चांगली दिसते," सोनल शेवटी म्हणाली. एखादी वाईट बातमी खरी निघावी, तसं म्हणाली. मग दिनानाथकडे वळली. "तुमच्यामुळं आमचं वर्षाचं काम गेलं. ते मी विसरणार न्हाय, तोंडावर सांगते. पण का केलंत ते मला कुणी समजावून द्यायची गरज न्हाय."

दिनानाथने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"रेवदंड्याला राहायचं त्यांनी ठरवलं ना, तेव्हा मी दिघीला जाऊ म्हणत होते. माझं माहेर हाय तिथं. बोलले, धंदा रेवदंड्यातच हाय. असेल. मी काय म्हणणार?" तिने बांगड्या मागे सारल्या. "आमची पोरगी झाली तेव्हा बारशाला नाव काय सुचवलं ठाऊक हाय? कमळ. मी न्हाय ठेवू दिलं."

"मग काय ठेवलं?"

"कल्पिता."

"चांगलं हाय," दिनानाथ म्हणाला. आणि किती दिवसांनी कुणास ठाऊक, त्याला मनापासून हसू आलं. सोनलही हसली, नाइलाजाने, खुर्चीचा हात घट्ट धरून.

तेवढ्यात कमळ बाहेर आली. दोघींची नजरानजर झाली. "सोनल ना?" कमळने तिचा हात धरला. "बाहेर काय बसलीस गं? चल आत." आणि तिला घेऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली.

ओटीवर दिनानाथ पुन्हा एकटा उरला. आत झोपाळ्याभोवती गाणी चालली होती, पण त्याचे कान स्वयंपाकघराकडे लागले होते. आधी तिथून दबक्या आवाजात बोलणं आलं. मग दोघी एकदम मोठ्याने हसल्या, आणि त्यातलं एक हसू तेच होतं, मान मागे टाकून हसलेलं. काय सांगितलं असेल सोनलने? जीवनबद्दल की त्याच्याबद्दल? त्याने खुर्ची भिंतीजवळ सरकवली. काही ऐकू येईना.

शेवटी तो उठून आत गेला. दोघी ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्याला पाहताच बोलणं थांबलं.

"काय हवंय?" कमळने विचारलं. चेंबरच्या कडेवरच्या त्या बोलण्यानंतर तिने त्याला विचारलेलं हे पहिलंच.

"पाणी."

तिने माठातून तांब्याभर पाणी काढून त्याच्या हातात दिलं. दोघी गप्प उभ्या राहिल्या, त्याचं पिऊन व्हायची आणि तो जायची वाट बघत. दिनानाथने तांब्या तोंडाला लावला आणि जमेल तितकं सावकाश, एकेक घोट करून तो पाणी पीत राहिला.